शवपेटीखालची सोळा चाकं

कोर्टाचे कारकून पिंकर्ट जबानी घ्यायला तीन वाजता येणार होते, आणि सव्वा वाजून गेला तरी हुल्दाआत्या खोटं बोलायला तयार होत नव्हती.

"खोटं कोण म्हणतंय, आत्या?" आर्नुल्फने तिसऱ्यांदा समजावलं. "नुसतं 'आठवत नाही' म्हणायचं."

"पण मला आठवतंय रे."

"मग थोडं कमी आठव."

हुल्दाने काटा ताटात ठेवला. बटाट्याचा अर्धा गोळा रश्श्यात तसाच राहिला. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं तेव्हा तिने देवाला तीन शब्द दिले होते. पहाटे उठून त्या दिवसाचं बायबलमधलं वचन वाचेन, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत काही खाणार नाही, आणि कुणी विचारलं तर खरं तेच सांगेन. त्याला आता चोपन्न वर्षं झाली. पहिल्या दोन व्रतांचा हॉयबाखांच्या घरात कुणाला काही त्रास नव्हता.

टेबलाच्या मधोमध, रस्सा आणि लाल कोबीच्या मध्ये, बर्लिनच्या पेटंट कचेरीचं पत्र उभं करून ठेवलं होतं. आर्नुल्फची बायको मिना हिच्या चाकांच्या स्केटवर, आपोआप ब्रेक लागणाऱ्या त्या स्केटवर, हरकत आली होती. हरकत घेणारे लेबेरेख्त श्मोल, सपाटी तपासायच्या बुडबुड्याच्या नळ्या, म्हणजे पाणसळी, बनवणारे, खालची गल्ली. त्यांचं म्हणणं असं की वस्तू नवी नाही. एप्रिलमध्ये अर्ज करण्याआधी, जानेवारीतच ती भर गावात वापरली गेली. आणि अशी वापरली गेली, की पाहणाऱ्या जाणकाराला ती बनवता यावी.

वापरली गेली होती, हे खरंच होतं. हुल्दाची वहिनी, आर्नुल्फची आई एर्नेस्टीन, जानेवारीत गेली तेव्हा चर्चच्या टेकडीवरून स्मशानाकडे उतरणारा रस्ता आरशासारखा गोठला होता. गाडीचा घोडा दोनदा बसला. खांदा देणारे सहाजण पेटीसकट घसरायला लागले. तेव्हा सून मिना घरी पळत गेली, आपले चार स्केट घेऊन आली आणि पेटीच्या चार कोपऱ्यांना पट्ट्यांनी बांधले. सोळा चाकांवर एर्नेस्टीन निघाली. दर पाच पावलांवर पेटी आपणहून थांबायची, जणू ओळखीचं कुणी भेटलंय, आणि पुन्हा निघायची. पास्टरांनी वर सुरू केलेली प्रार्थना आणि पेटी बरोबर एकाच वेळी खाली पोचल्या. एवढ्या शांतपणे ती उभ्या आयुष्यात कुठे गेली नव्हती.

"प्रश्न एवढाच आहे," आर्नुल्फ म्हणाला. तो थर्मामीटरवर अंशांच्या रेघा मारायचा, त्यामुळे त्याचं बोलणंही तसंच रेघ मारून असायचं. "पेटीवर काळं कापड होतं, जमिनीपर्यंत. कापडाखालचं श्मोलनी पाहिलं का? पाहिलं असेल तर संपलं. गावात कारागीर म्हणून त्यांच्याइतका जाणकार कोण आहे?"

"लिंडेनच्या झाडापाशी वळणावर वारा आला," हुल्दा हळूच म्हणाली. "कापड उचललं गेलं. श्मोल गुडघ्यांवर होते. सगळ्यांना वाटलं, काय भक्ती आहे. ते खाली वाकून बघत होते."

"सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते, आत्या! तुला कसं दिसलं?"

हुल्दाने ताट पुढे सारलं. हाच तर काटा तिला आठ महिने टोचत होता. प्रार्थना चालू असताना तिने डोळे उघडे ठेवले होते. वहिनी उताराखालच्या तळ्यात जाईल अशी भीती वाटली होती. देवावर सोडता आलं नव्हतं.

"कापड उचललं जाणं शक्यच नाही," टेबलाच्या टोकावरून आर्नुल्फचे वडील ट्राउगोट म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. 

"का नाही, दादा?" हुल्दाने भावाला विचारलं.

"कारण कापडाला माझे चाप होते. आठ. सहावं पेटंट."

ट्राउगोट हॉयबाखांची नऊ पेटंटं दिवाणखान्यात चौकटीत लावलेली होती. दूध उतू जायच्या आत शिट्टी मारणारा थर्मामीटर, जो उतू गेल्यावर शिट्टी मारायचा. रश्श्यातली चरबी मोजणारी काचेची कांडी. टोपीवर लावायचं वारामापक, जे टोपी उडून गेली तरच नोंद करायचं. आणि टेबलावरचं कापड वाऱ्याने उडू न देणारे चाप. एकही विकलं गेलं नव्हतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. रात्रंदिवस एकच गोष्ट कुरतडायची, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नऊपैकी एकाही पेटंटावर कधी कुणी हरकत घेतली नव्हती. सुनेच्या पहिल्याच अर्जाला हरकत! सकाळपासून ते पत्र त्यांनी चारदा हातात घेऊन पाहिलं होतं, शिक्का किती खोल उमटलाय ते.

"म्हणजे बाबा, तुम्ही आमच्या बाजूने," आर्नुल्फ आनंदाने म्हणाला.

"मी चापांच्या बाजूने आहे."

"तेही चालेल."

"चालेल काय? हुल्दा म्हणते कापड उडालं, तर माझं सहावं पेटंट खोटं ठरतं. कोर्टात! लेखी!" ते उठले. "भाता आण. आत्ता दाखवतो."

काच फुंकायच्या टेबलाचा पायभाता आला. जेवणाच्या टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला आठ चाप लागले. ट्राउगोटनी टोपीवरचं वारामापक चढवलं, आर्नुल्फने भात्यावर पाय ठेवला.

"जोरात! जानेवारी आहे!"

आर्नुल्फने भाता दाबला. चापांनी कापड अजिबात सोडलं नाही. पण कापडाच्या पोटात वारा भरला आणि मधला भाग तंबूसारखा वर आला, रस्सा आर्नुल्फच्या मांडीवर, लाल कोबी पेटंट कचेरीच्या पत्रावर. सातवा चाप सुटला आणि घड्याळाच्या काचेवर टणकन आपटला. टोपी उडाली. वारामापकाने नोंद केली.

"सात चाप टिकले," ट्राउगोट म्हणाले.

"सहा, बाबा. तो पहा, अजून एक सुटतोय."

"तो तू बघितलास म्हणून सुटला."

 मिनाने कोबीने माखलेलं पत्र उचललं, बाहीने पुसलं आणि स्वयंपाकघरात गेली. हुल्दा ताटं घेऊन तिच्या मागोमाग गेली.

स्वयंपाकघरात प्लमचा केक खिडकीत निवत होता. मिना पाठमोरी उभी राहून कॉफी दळत होती, गरजेपेक्षा खूप जास्त वेळ.

"आत्याबाई, मी तुम्हाला आग्रह करणार नाही."

"करू नकोस."

"पण एक ऐकून घ्या. हे थर्मामीटरच्या पाऱ्याच्या खोलीत बसून बावीस वर्षं रेघा मारतायत. मार्चपासून मी यांचा कप अर्धाच भरते. पूर्ण भरला तर बशीत सांडतो. अजून बाबांना कळलेलं नाही."

हुल्दाला कळलं होतं. रोज बघत होती. पाऱ्याच्या वाफेने हात कापायला लागले की पुढे काय होतं, हे या गावातल्या प्रत्येक घराला माहीत होतं.

"केम्निट्झच्या कारखान्याने लिहून दिलंय," मिना म्हणाली. "पेटंट आलं तर ते स्केट बनवणार आणि यांना देखरेखीची जागा देणार. मोठ्या खिडक्या आहेत तिथे. पेटंट नाही आलं तर स्केट कुणीही बनवेल, आणि हे त्या खोलीतच राहतील." तिने गिरणीचा खण उघडला. कॉफीचं पीठ झालं होतं. "एवढंच. आता तुम्हाला जे बोलायचं ते बोला."

"मी काय करू गं?" हुल्दाचा आवाज खाली आला. "त्यांनी विचारलं तर..."

"विचारणारच की. त्यासाठीच येतायत."

"देवाला दिलेला शब्द मी आर्नुल्फसाठी मोडला, तर उद्या सकाळी वचन कुठल्या तोंडाने वाचू?"

मिना वळली. डोळे कोरडे होते, तेच हुल्दाला बघवेना. "मग त्या दिवशी डोळे मिटून का नाही घेतलेत? गावातल्या दोनशे माणसांनी मिटले. तुम्हाला एकटीलाच का बघायचं होतं?"

 हुल्दाने केक कापायला घेतला, आणि आठऐवजी तेरा तुकडे केले.

तीनच्या ठोक्याला दोघे एकत्रच आले. पिंकर्ट बारीक, सर्दी झालेले, काखेत कागदांची पिशवी. श्मोल रुंद, ताजी दाढी केलेले, हातात चामड्याची जड बॅग. श्मोलनी चर्चच्या पंचांच्या निवडणुकीला नाव दिलं होतं, त्यामुळे हल्ली ते रविवारी सगळ्यांना आधी नमस्कार करायचे.

"ट्राउगोटराव, मनात काही ठेवू नका. हे तत्त्वाचं आहे."

"तत्त्वाचं कसं, लेबेरेख्त? माझ्या नऊ पेटंटांच्या वेळी तुझी तत्त्वं कुठे होती?"

"तुमची?" श्मोल गोंधळले. "तुमच्यावर हरकत कशाला घ्यायची?"

ट्राउगोटनी केकची बशी त्यांच्यापुढून उचलून स्वतःपुढे ठेवली. त्या क्षणापासून ते पूर्णपणे सुनेच्या बाजूचे झाले, चापांची गोष्ट सोडून.

पिंकर्टनी दौत उघडली. "कुमारी हुल्दा हॉयबाख. आठ जानेवारीला लिंडेनच्या वळणावर पेटीवरचं कापड वर गेलं का?"

 आर्नुल्फने हात टेबलाखाली घेतले. मिना खिडकीबाहेर बघत राहिली.

"गेलं," हुल्दा म्हणाली.

"किती?"

"वीतभर. जरा जास्तच."

"सात चाप!" ट्राउगोट ओरडले. "लिहा, चाप सात टिकले!"

"आणि हरकत घेणारे खाली बघत होते?"

"हो. गुडघ्यांवर. मान वाकडी करून." तिने श्वास घेतला. "मीही बघत होते. प्रार्थना चालू होती तेव्हा. हेही लिहा."

"ते लागणार नाही," पिंकर्ट म्हणाले.

"लिहा हो. मला लागेल."

पिंकर्टनी लिहिलं. आर्नुल्फ हळूहळू खुर्चीत खाली सरकला. "झालं," तो पुटपुटला. "आत्याने आम्हाला गाडलं. तेही व्यवस्थित."

"त्यांना नावं ठेवायची नाहीत," मिना अचानक म्हणाली. तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं असावं. "खोटं बोलल्या असत्या तर मला त्यांच्या हातचा केक खाववला नसता."

श्मोल हात चोळत उठले. "मग मिटलंच. मी पाहिलं, साक्षीदाराने मला पाहताना पाहिलं. सही कुठे करायची?"

"बसा," पिंकर्टनी नाक पुसलं. "अजून अर्धं कलम बाकी आहे. पाहिलंत, ठीक. पण पाहून बनवता येईल असं होतं का? कागद बर्लिनला दोन महिने सर्वांसाठी उघडे ठेवलेत. तुम्ही जाऊन वाचून आलात?"

"मुळीच नाही! शपथेवर सांगतो. मला गरजच काय? स्वतःच्या गावात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." त्यांनी बॅग उघडली. "आणि बनवलंय. हे पहा."

टेबलावर एक जोडी स्केट आले. सगळे पुढे वाकले. सुंदर काम होतं. पितळेच्या खुंट्या, अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, चाकांवर घट्ट बसणारी चामड्याची गादी. आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला एक वाकडी काचेची नळी.

मिना एकटीच नळीकडे बघत राहिली. तिच्या नळीत पारा होता. उतार लागला की पारा पुढे धावायचा, त्याच्या वजनाने नळी कलंडायची, आणि दांडी चामड्याची गादी चाकावर दाबायची. श्मोलच्या नळीत पिवळसर स्पिरिट होतं, आणि स्पिरिटमध्ये एक नीटनेटका बुडबुडा. चाळीस वर्षं पाणसळी बनवणाऱ्या माणसाने वाऱ्यात क्षणभर काचेची नळी चमकलेली पाहिली होती. ती पाणसळ नसेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

"आपण वापरून पाहिलेत?" पिंकर्टनी विचारलं.

"घरात. पुढच्या खोलीत."

"ती सपाट आहे."

"अर्थात सपाट आहे! मी स्वतः लेव्हल केली आहे."

पंधरा मिनिटांनी सगळे चर्चच्या टेकडीवर होते. शनिवार दुपार, त्यामुळे अर्धा गाव फिरायला बाहेर पडलेला. कुणीतरी विचारलं, आज कोण गेलं? आर्नुल्फ म्हणाला, अजून नाही.

श्मोलनी पट्टे आवळले. "बघा हं. उतार लागला की बुडबुडा सरकतो, आणि लगेच..."

"लगेच?" पिंकर्ट पेन्सिल घेऊन उभे होते.

"लगेच थांबतो," श्मोल म्हणाले, आणि एक पाऊल टाकलं.

पहिली दहा पावलं ते राजासारखे गेले. एका हातात टोपी, नजर खाली बुटांवर. "चार अंश!" ते ओरडले. पाणसळी अचूक होत्या, श्मोलच्या सगळ्याच पाणसळी अचूक असायच्या. "सहा अंश! आता लागेल!" लिंडेनच्या वळणावर त्यांची टोपी मागे राहिली. "नऊ!" बेकरच्या बायकोने मुलांना बाजूला ओढलं. स्मशानाचं फाटक डावीकडून निघून गेलं. "अकरा अंश! अकरा पूर्णांक एक..." आवाज बारीक होत गेला, मग एक मोठा सपाट आवाज आला, आणि तळ्यातली सगळी बदकं एकदम वर उडाली.

"अरे देवा," हुल्दा म्हणाली. "कुणीतरी जा!"

मिना आधीच निघाली होती, आपले स्केट बांधून. पण त्या स्केटनी तिच्या सासूला जसं उतरवलं होतं, तसंच ते तिलाही उतरवत होते. पाच पावलं जायचे आणि थांबायचे. पाच पावलं आणि पुन्हा थांबायचे. ती हात हलवून ओरडत होती, "येतेय! श्मोलकाका, पाय मारा! येतेच आहे!" शेजारून पिंकर्ट चालत, लिहीत, तिच्या पुढे निघून गेले. मग ट्राउगोट काठी टेकत पुढे गेले. हुल्दाही पुढे गेली. मिना पोचली तेव्हा श्मोल कमरेइतक्या पाण्यात उभे होते, डोक्यावर शेवाळ, आणि आर्नुल्फ हात देत होता. कुणाचा हात थरथरतोय, ते कळत नव्हतं.

"मग," पिंकर्टनी पान उलटलं. "हरकत घेणारे स्वतः जाणकार. वस्तू पाहिली. आठ महिने मिळाले. बनवता आली नाही. असं लिहितो."

"थांबा!" श्मोल काठावर चढले. पाणी गळत होतं. "सही झालेली नाही ना? मला आणखी एक संधी द्या. बाकी सगळं बरोबर आहे. दांडी बरोबर, गादी बरोबर. फक्त नळीत..." त्यांनी आपल्या बुटाकडे पाहिलं. बुडबुडा शांतपणे मधोमध उभा होता, कारण काठ सपाट होता. "नळीत दुसरं काहीतरी होतं. जड. तेवढं कळलं तर मी आत्ता इथे दुरुस्त करून दाखवतो."

त्यांनी मिनाकडे पाहिलं नाही. ती सांगणार नव्हती. आर्नुल्फकडे पाहिलं नाही. ते हुल्दाकडे वळले, आणि त्यांच्या रुंद चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"हुल्दाबाई. तुम्ही कधी खोटं बोलत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

ट्राउगोटनी बहिणीचा दंड धरला. "हिला सर्दी होईल. घरी चल."

"एकच प्रश्न!" श्मोल म्हणाले. "त्या नळीत काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे?"

आर्नुल्फने डोळे मिटून घेतले. गाव गोळा झालं होतं. मिना तिच्या स्केटवर उभी होती, आणि काठावरून पुढे जायला तिला पाच पावलंही शिल्लक नव्हती.

हुल्दाने मनातल्या मनात चोपन्न वर्षांपूर्वीचे ते शब्द पुन्हा एकदा तपासले, एकेक करून, जसं नातवंडांचं सामान तपासतात. विचारलं तर खरं सांगेन. खरं. त्यात सगळं सांगेन असं कुठे म्हटलं होतं? आजवर कुणी विचारलं की ती घाईघाईने उत्तर देऊन मोकळी व्हायची, जसं हातातलं गरम भांडं खाली ठेवावं तसं. तिला वाटायचं, हीच भक्ती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

श्मोलनी कान पुढे केला.

"आणि सांगायची इच्छा नाही."

बदकं परत पाण्यावर उतरायला लागली होती. श्मोल तिच्याकडे बघत राहिले, केसांतून पाणी टपकत. पिंकर्टनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"हे जबानीत घेऊ का, बाई?"

"घ्या," हुल्दा म्हणाली. "दोन्ही वाक्यं खरी आहेत."